मारा, अंबोसेली, सेरेंगेटी : प्राणी दिसला, आता पुढे काय बघायचं?

पाणवठा (धागाकर्ती)

केनिया-टांझानियाच्या सफारीबद्दल (केनियातलं मसाई मारा आणि अंबोसेली, टांझानियातलं सेरेंगेटी) मराठीत आता बरंच लिहिलं गेलंय. टूर कुठली घ्यावी, खर्च किती येतो, लेन्स कोणती न्यावी, शाकाहारी जेवण मिळतं का, यलो फीवरची लस कुठे टोचून घ्यायची. ही माहिती लागतेच. पण छप्पर उचललेल्या गाडीत उभं राहून सिंह दिसला, चार फोटो काढून झाले, आणि मग? पुढचा तासभर काय बघायचं हे सांगणारं फारसं सापडत नाही. बहुतेक गाड्या त्याच क्षणी पुढच्या प्राण्याच्या मागे निघतात आणि माझ्या मते खरी सफारी तिथेच हुकते.

'बिग फाइव्ह' ही यादी मुळात शिकाऱ्यांची. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि आफ्रिकन रानम्हैस या पाचांची पायी शिकार करणं सगळ्यांत जोखमीचं, म्हणून ते पाच. आपण मारायला जात नाही, बघायला जातो. मग ती यादी आपण का उराशी धरायची? एक कळप निवडा, त्याच्यापाशी गाडीचं इंजिन बंद करा आणि सकाळ तिथेच काढा, असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते.

सिंहांचंच घ्या. दिवसातले वीसेक तास ते पडून असतात, त्यामुळे 'झोपलेलेच होते' म्हणून लोक हळहळत परततात. ऊन उतरायला लागलं की थांबून बघा. एक सिंहीण जांभई देते, थोड्या वेळाने दुसरी देते. दक्षिण आफ्रिकेतल्या सिंहांवर झालेल्या, 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की एकीची जांभई बघून जी जांभई देते, ती पुढे तिच्याबरोबरच उठते आणि चालू लागते. म्हणजे जांभया वाढल्या की कॅमेरा आवरायचा नाही, सरसावायचा. मग त्या उठतात, एकमेकींच्या हनुवटीखाली डोकं घासतात, अंगाला अंग रेटत पुढे जातात. कोण कुणाकडे आधी जातं ते लक्षात ठेवा. कळपातल्या सिंहिणी एकमेकींच्या नात्यातल्या असतात, आई-मुली, बहिणी, मावश्या. नर बाहेरून आलेले असतात आणि काही वर्षांत दुसरे नर त्यांना हुसकावतात. नवे नर आल्यावर आधीच्या नरांचे लहान छावे मारतात, त्यामुळे सिंहिणी लवकर पुन्हा माजावर येतात. हे क्रूर वाटतं, पण एवढं एक कळलं की सिंहीण परक्या डरकाळीकडे कान का टवकारते, छाव्यांना घेऊन मुकाट्याने झुडपात का शिरते, हे समोर उलगडत जातं.

सेरेंगेटीतल्या सिंहांचा पहिला सविस्तर अभ्यास जॉर्ज शॅलर यांनी 1966 ते 1969 या काळात केला. त्याआधी हेच शॅलर आपल्याकडे कान्हात वाघ आणि चितळांची निरीक्षणं करत होते. मला त्यांच्या कामातली चिकाटी फार मोलाची वाटते. एकाच प्राण्यापाशी तासन्‌तास बसायचं, दिसेल ते लिहायचं. आपल्याकडे त्यांच्याइतका वेळ नसतो, पण एका सकाळीपुरती ती पद्धत कुणालाही जमते.

आता हत्ती. हत्तींसाठी अंबोसेलीसारखी जागा नाही. किलिमांजारोवरचं पाणी जमिनीखालून येऊन तिथे दलदलीत वर येतं, त्यामुळे कोरड्या दिवसांतही हत्तींची कुटुंबं रोज त्या दलदलीकडे उतरतात आणि संध्याकाळी परततात. सिंथिया मॉस यांनी 1972 मध्ये तिथे हत्तींच्या अभ्यासाचं काम सुरू केलं आणि ते आजही चालू आहे. तिथले अभ्यासक प्रत्येक हत्ती कानाच्या कडांवरून ओळखतात. कुठे फाटलंय, कुठे भोक आहे, शिरांची नक्षी कशी आहे. तुम्हीही करून बघा. एका कुटुंबातल्या तीन हत्तिणींचे कान वहीत काढा. संध्याकाळी तेच कुटुंब परतताना ओळखता आलं, की आपण कळप न बघता माणसं बघावीत तसं बघायला लागतो.

रस्ता ओलांडायच्या आधी म्होरकी हत्तीण थांबते. मागच्या सगळ्या थांबतात. ती पुढचा एक पाय जमिनीवरून जरासा उचलून नुसता झुलवत ठेवते, सोंडेचं टोक वळवून आपल्याच गालाला लावते. हे तिचं ठरत नसल्याचं लक्षण. गाडी तिच्या वाटेत आहे का, हे चालकाने त्याच वेळी ओळखायला हवं. वाट मोकळी झाली की ती पाय टेकवते, कान एकदा फडकवते आणि चालू लागते. पिल्लं आपोआप मोठ्या हत्तिणींच्या मधोमध येतात. एवढ्या वेळात आपल्याला एकही आवाज ऐकू आलेला नसतो. हत्तींच्या घुमण्याचा बराचसा भाग माणसाच्या कानाला न ऐकू येणाऱ्या खालच्या पट्टीत असतो आणि तो काही किलोमीटर लांबच्या हत्तींपर्यंत पोचतो. चरता चरता अख्खा कळप अचानक जागच्या जागी स्तब्ध झाला, तर ते ऐकताहेत असं समजा.

तुम्ही काय पाहिलंत, काय लक्षात आलं, ते लिहा. नुसती प्राण्यांची यादी नको, वागणं लिहा.

जंगलवेडा

ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी ताडोबा-पेंचवाला माणूस, आफ्रिका एकदाच झाली आहे. आपल्याकडे आणि तिकडे सगळ्यांत मोठा फरक जाणवला तो कानांचा. ताडोबात वाघ दिसायच्या आधी ऐकू येतो, म्हणजे त्याला बघून इतर प्राणी देतात ते इशाऱ्याचे कॉल ऐकू येतात. चितळाचा कॉल, सांबराचा, वानराची खक्‌खक्‌. गाईड जिप्सी बंद करायला लावतो आणि सगळे श्वास रोखून बसतात. माराच्या उघड्या माळावर तसं फारसं करावं लागत नाही, नजर लांबवर जाते.

पण तिथेही एक युक्ती गाईडने शिकवली. टोपी नावाचा हरणासारखा प्राणी वारुळावर चढून उभा असतो. तो एकाच दिशेला टक लावून बघत असेल, हलत नसेल आणि फुरफुरत असेल, तर तिकडे दुर्बीण लावायची. आम्हाला असाच गवतात चपटी होऊन पडलेली सिंहीण दिसली. तिचे फक्त कान वर होते. गंमत अशी, की टोपी पळाला नाही. त्याने तिला पाहिलं होतं आणि पाहिलंय हे तिलाही कळलं होतं. थोड्या वेळाने ती सरळ उठून निघून गेली. दिसलेल्या सिंहिणीची शिकार फसलेलीच असते.

हत्तीच्या हल्ल्याबद्दल एक विचारायचं होतं. खोटा हल्ला आणि खरा हल्ला कसा ओळखायचा?

पाणवठा

टोपीचं निरीक्षण अगदी नेमकं आहे.

हत्तीबद्दल: कान पूर्ण पसरलेले, डोकं उंच, धूळ उडवत, चीत्कार करत येतोय, तर बहुतेक वेळा तो आपल्याला दटावतोय. कान मागे घेतलेले, सोंड आत वळवलेली, डोकं खाली आणि आवाज नाही, तर प्रकरण गंभीर. अर्थात हे गाडीत बसून ताडून बघायचं नसतं. पाय झुलवणं आणि गालाला सोंड लावणं दिसलं की तेव्हाच मागे सरायचं, म्हणजे पुढचं काही घडतच नाही.

आणखी एक. डोळा आणि कान यांच्या मधल्या ग्रंथीतून ओघळ दिसला की आपण लगेच 'माजावर आलाय' म्हणतो. आशियाई हत्तींच्या बाबतीत ते चालून जातं. आफ्रिकन हत्तींमध्ये मात्र मादीलाही तो ओघळ येतो, कुटुंबं पुन्हा भेटली, घाबरली, खूष झाली की. खरा मस्तीतला, म्हणजे माजावर आलेला नर ओळखायचा तर मागचे पाय बघा. मूत्र सतत ठिबकत असल्यामुळे पाय आतून ओले असतात, उग्र वास येतो, आणि चालण्यातच एक तोरा असतो. आफ्रिकन हत्तींनाही मस्ती येते हे जॉइस पूल आणि सिंथिया मॉस यांनी 1981 मध्ये मांडलं, तोवर ते मानलंच जात नव्हतं.

तुम्ही कॉलचा विषय काढलात म्हणून सांगते. अंबोसेलीतली व्हर्व्हेट माकडं बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी तीन वेगळे आवाज काढतात. सेफार्थ, चेनी आणि मार्लर यांनी ते आवाज ध्वनिमुद्रित करून, आसपास शत्रू नसताना माकडांना ऐकवले. बिबट्याचा आवाज ऐकला की माकडं झाडावर, गरुडाचा ऐकला की वर बघून झुडपात, सापाचा ऐकला की मागच्या पायांवर उभं राहून गवतात बघायला लागायची. हे 1980 चं काम. कॅम्पच्या जेवणघरापाशी पाव पळवणारी तीच ही माकडं. लोक त्यांना हाकलतात आणि 'सायटिंग' बघायला गाडीत बसतात.

चौकट

लेख आवडला, पण माझा मुद्दा वेगळा आहे. मी फोटोग्राफर आहे. इथून माणूस एवढे पैसे साठवून जातो, बहुतेकांची ती आयुष्यातली एकच फेरी असते. जुलै ते ऑक्टोबरमध्ये मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्ट (गाईगुरांसारखे दिसणारे, कळपाने फिरणारे आफ्रिकी हरणांतले प्राणी) बघायचे सोडून तो टोपीपाशी का बसेल? नदीच्या काठावरचा तो थरार मी अनुभवलाय. धुळीचा लोट, हंबरणं, पहिली उडी, आणि मग सुटलेला तो लोंढा. डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या. त्या क्षणासाठी गर्दी सोसावी लागली तरी चालेल असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

पाणवठा

तुमच्या डोळ्यांत पाणी आलं यातच सगळं आलं. नदी ओलांडणं बघू नका असं मी म्हणतच नाही. मी म्हणते, त्याच्या आधीचे दोन तासही बघा. कळप काठावर येतो, पुढचे पाण्याला तोंड लावतात, मागचे रेटतात, एखादा झेब्रा पाण्यात उतरून परत फिरतो, आणि अख्खा कळप माळावर मागे पळतो. पुन्हा येतो. कोण धजावतं, कोण मागे सरतं, झेब्रा आपलं कुटुंब कसं एकत्र ठेवतो, हे त्या वाट बघण्यातच दिसतं.

आणि मगरींपेक्षा जास्त बळी त्या प्रवाहात आणि चेंगराचेंगरीत जातात. मारा नदीवरच्या 2017 च्या अभ्यासात वर्षाला सरासरी 6,250 विल्डबीस्ट बुडतात असा अंदाज आला. ती मेलेली जनावरं गिधाडं, मराबू करकोचे, मासे खातात आणि हाडं पुढे काही वर्षं नदीच्या पाण्यात फॉस्फरस सोडत राहतात. उन्हाळ्यात रिकामी दिसणारी नदीसुद्धा त्या कळपावर जगत असते.

दुसरं, विल्डबीस्ट बघायचे तर फेब्रुवारीतला दक्षिण सेरेंगेटी आणि न्दुतूचा परिसरही तितकाच मोलाचा आहे. ज्वालामुखीच्या राखेमुळे तिथलं आखूड गवत खनिजांनी समृद्ध असतं, म्हणून माद्या तिथे येऊन विततात, आणि बहुतेक सगळ्या दोन-तीन आठवड्यांतच. सिंह, तरस खाऊन खाऊन किती खातील? वासरांची संख्याच त्यांना पुरून उरते. जन्मलेलं वासरू काही मिनिटांत उभं राहतं. पहिले दोन-तीन प्रयत्न फसतात, मागचे पाय फाकतात, तोंडावर पडतं, आई नाकाने ढोसते. मग ते एकदम धावायलाच लागतं. आईपासून तुटलेलं वासरू मात्र जे हलताना दिसेल त्याच्या मागे जातं, गाडीच्याही. असं वासरू मागे लागलं तर आमचा गाईड कळपाच्या दिशेला गाडी नेऊन थांबायचा. ते कळपात शिरलं की गाडीतले सगळे मोकळा श्वास घ्यायचे.

नैरोबीत_स्थायिक

मी इथे बरीच वर्षं आहे. रविवारी सकाळी नैरोबी नॅशनल पार्कला जाणं हा आमच्या घरचा नेम. 117 चौरस किलोमीटरचं जंगल, मागे शहराच्या उंच इमारती, पुढे गेंडे. मारालाही जाणं होतं.

चौकट, गर्दीबद्दल थोडं स्पष्ट लिहितो, राग मानू नका. गर्दी आपण सोसतो असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात ती प्राणी सोसतात. विल्डबीस्ट पाण्यात उतरले की गाड्या उधळतात आणि समोरच्या काठावर जिथून त्यांनी वर चढायचं, तिथेच जाऊन उभ्या राहतात. वर चढलेली जनावरं गाड्यांची भिंत बघून परत पाण्यात वळलेली मी पाहिली आहेत.

चित्त्यांचं त्याहून वाईट. मारामधल्या चित्त्यांच्या माद्यांवर 2018 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे पर्यटकांच्या गाड्या कमी, तिथे एका मादीच्या वेतातली सरासरी दोनपेक्षा जास्त पिल्लं जगून मोठी झाली. जिथे गाड्यांची वर्दळ जास्त, तिथे हा आकडा 0.2 होता. म्हणजे पाच वेतांत मिळून एक पिल्लू! चित्ता दिवसा शिकार करतो, कारण सिंह आणि तरस तेव्हा सुस्त असतात. त्याच वेळी आपण त्याला घेरतो. गाड्यांच्या गराड्यात मादीचा दबा फसतो, शिकार मिळालीच तर गाड्यांचा घोळका बघून तरसांना लांबून सुगावा लागतो.

एका प्राण्यापाशी पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत, असा मारात नियम आहे. तो पाळला जाणं बरंचसं गाडीतल्या पाहुण्यांवर ठरतं. 'आणखी जवळ घ्या' म्हणणारे पाहुणे असले की चालकावर दडपण येतं, बक्षिसीवर त्याचं घर चालतं. 'आपण लांब थांबू या' हे वाक्य पाहुण्याने म्हटलं की चालकाचा चेहरा सैल होतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

चौकट

राग नाही. चित्त्यांचा आकडा मला माहीत नव्हता आणि तो वाचून अस्वस्थ झालो. लांब थांबायचं तर लांबच्या लेन्सने काम होतं, फोटोत प्राण्याभोवतीचा माळही येतो. मला स्वतःला तसे फोटो जास्त आवडायला लागलेत. काठावरच्या गर्दीबद्दल मात्र चालकांशी आधीच बोलून ठेवावं लागेल, ऐन वेळी कुणी कुणाचं ऐकत नाही.

करवीरवासी

चित्त्यांचा विषय निघालाय म्हणून थोडं अवांतर. आमच्या कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळायचे. काळविटामागे सोडायचे, आणि त्यांची निगा राखणारे चित्तेवान असायचे. भारतातले चित्ते दुर्मीळ झाल्यावर विसाव्या शतकात संस्थानाने थेट आफ्रिकेतून चित्ते मागवले. म्हणजे 2022 साली नामिबियातून मध्य प्रदेशातल्या कुनोत आठ चित्ते आले, त्याच्या कितीतरी आधी आफ्रिकेतला चित्ता कोल्हापूरच्या माळावर धावला होता. त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या माणसांना चित्ता आणि बिबट्या यांतला फरक समजावून सांगावा लागत नसे.

माझा प्रश्न: चित्ता धावून तापतो आणि म्हणून मध्येच पाठलाग सोडतो, हे खरं का?

पाणवठा

वा, हे अवांतर कसलं, अगदी धाग्याचंच आहे.

तापण्याची गोष्ट खूप पुस्तकांत होती. पण 2013 मध्ये चित्त्यांच्या शरीरात तापमान मोजणारी उपकरणं बसवून बघितलं, तर पाठलागात तापमान फारसं वाढतच नव्हतं. ते वाढत होतं शिकार साधल्यानंतर, चित्ता नुसता बसलेला असताना. संशोधकांचा कयास असा, की तो ताण आहे. कुणी मोठा शिकारी येऊन घास हिरावेल ही धास्ती. शिकारीवर बसलेला चित्ता नीट बघा. दोन घास, मान वर, चहूकडे नजर, पुन्हा दोन घास.

पिल्लांना हाक मारतानाचा चित्त्याच्या मादीचा आवाज तर ऐकून विश्वास बसत नाही, पाखराच्या चिवचिवाटासारखा असतो. गाडीतले सगळे झाडावर पक्षी शोधत होते, गाईड हसून गवताकडे बोट दाखवत होता.

निवृत्त_मास्तर

मी सासवडचा. आमच्याकडच्या माळावर पट्टेरी तरस अजून आहे. मेलेल्या जनावरांवर जगणारा, बहुतेक एकटा फिरणारा, लाजाळू प्राणी. गावात त्याच्याबद्दल भीती आणि किळस दोन्ही आहे. आफ्रिकेतल्या ठिपकेवाल्या तरसाबद्दलही सिनेमांनी तेच मनात भरवलंय. कुणी त्यांना बारकाईने बघितलंय का? शाळेतल्या मुलांना सांगायला उपयोगी पडेल.

पाणवठा

मास्तर, तुम्ही माझ्या सगळ्यांत आवडत्या प्राण्याचं नाव घेतलंत.

ठिपकेवाला तरस हा पक्का शिकारी आहे. हान्स क्रूक यांनी साठच्या दशकात टांझानियातल्या न्गोरोंगोरो विवरात रात्री जागून त्यांचा माग घेतला. सकाळी पर्यटकांना दिसायचं काय? सिंह शिकारीवर बसलेत आणि तरसं भोवती ताटकळलीत. त्यामुळे सिंहाने मारलं आणि तरस उष्ट्याला आलं, असंच सगळे समजायचे. रात्रीच्या निरीक्षणांतून निघालं असं, की बरेचदा शिकार तरसांची असायची आणि सिंह येऊन ती बळकावायचे. त्यांचं हे पुस्तक 1972 साली आलं. तरी अजून प्रत्येक गाडीत कुणीतरी तरसाला चोर म्हणतंच.

त्यांचं घर बघायचं तर पहाटे किंवा सूर्यास्ताच्या सुमारास बिळांपाशी थांबा. टोळीतल्या अनेक माद्यांची पिल्लं एकाच जागी बिळांत असतात. अगदी लहान पिल्लं काळपट असतात, जन्मतःच डोळे उघडे आणि दात आलेले. टोळीत राज्य माद्यांचं. मादी नरापेक्षा थोराड असते, आणि पिल्लाला आपल्या आईच्या खालोखाल मान मिळतो. बिळापाशी हे धडधडीत दिसतं. वरच्या मानाच्या मादीचं चिमुकलं पिल्लू तोऱ्यात पुढे येतं आणि मोठी, वयाने वाढलेली मादी कान पाडून, दात दाखवत बाजूला होते. बाहेरून आलेले नर तर कडेकडेने फिरत असतात. दोन तरसं भेटली की शेजारी उलट्या दिशेने उभी राहतात, मागचा पाय उचलतात आणि एकमेकांना हुंगतात. खालच्या मानाचं आधी पाय उचलतं. शेपटी वर ताठ झाली की खवळलेत असं समजायचं.

केय होलेकँप यांचा तरसांवरचा अभ्यास मारात 1988 पासून चालू आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी त्यांनी मांडल्यात. कुणाची आई कोण, आजी कोण, कुणी कुणाची साथ दिली. शाळेतल्या मुलांना सांगताना इथूनच सुरुवात करा, त्यांना फार आवडेल.

दोन_पिल्लांची_आई

पुढच्या वर्षी मुलांना घेऊन जायचा विचार आहे, आठ आणि अकरा वर्षांची आहेत. दोन भीती आहेत. एक, तासन्‌तास एका जागी बसून मुलं कंटाळतील. दोन, डोळ्यांसमोर शिकार झाली तर? धाकटी फार हळवी आहे.

नैरोबीत_स्थायिक

ताई, माझी मुलं इथेच वाढली, त्यामुळे अनुभवाने सांगतो. बसण्याचा कंटाळा मोठ्यांना येतो. मुलांच्या हातात स्वतःची दुर्बीण द्या, आईबाबांची मागून घ्यायला लावू नका. बॅन्डेड मुंगसांची टोळी, बबून माकडांची पिल्लं, शेणाचा गोळा ढकलणारा भुंगा, यांत मुलं जास्त रमतात. शेणभुंग्याची एक जात रात्री आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा ठरवते, हे 2013 मध्ये सिद्ध झालंय. ते ऐकल्यावर माझ्या मुलाने एक अख्खी दुपार एका शेणाच्या पोपासमोर घालवली.

शिकारीचं म्हणाल तर ती दिसणं दुर्मीळच. दिसली आणि मूल रडलं तर रडू द्या, 'ते तर जंगलच आहे' म्हणून दाबू नका. चित्त्याच्या पिल्लांनाही भूक लागते, हे मुलांना आपोआप कळतं. चालकाला आधी सांगून ठेवलंत तर तो वेळेत गाडी वळवतो.

जंगलवेडा

मुलांसाठी माझ्याकडून एक. थॉमसन गझेल चारही पाय ताठ ठेवून जागच्या जागी उंच उड्या मारतं. बघायला खेळ वाटतो, पण ते शिकाऱ्याला सांगत असतं, की मी धडधाकट आहे, माझ्यामागे दमू नकोस. सेरेंगेटीत रानकुत्र्यांवर 1988 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की कमी उड्या मारणाऱ्या हरणांनाच ते निवडतात. मुलांना उड्या मोजायला सांगा, त्यांचा वेळ मस्त जाईल.

आपल्याकडच्या कोळसुंद्यांवर, म्हणजे भारतीय रानकुत्र्यांवर प्रेम असणाऱ्यांनी आफ्रिकन रानकुत्रे जरूर बघावेत. बोट्स्वानात असं आढळलंय, की शिकारीला निघायचं की नाही हे टोळी शिंकांवर ठरवते. पुरेशा शिंका पडल्या की निघतात, आणि मानाच्या कुत्र्याने पुढाकार घेतला असेल तर कमी शिंकांतही भागतं. अंबोसेलीतल्या माकडांइतकंच हे मला नवलाचं वाटतं.

निवृत्त_मास्तर

पाणवठाताई, सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. वंशावळीची कल्पना वर्गात नक्की वापरणार. हत्ती माणसांना ओळखतात, मसाई गुराख्यांना घाबरतात असं ऐकलंय. त्यात तथ्य आहे का?

पाणवठा

आहे, आणि ते फार सुंदर रीतीने तपासलंय. अंबोसेलीत मसाई तरुण कधी कधी हत्तींना भाल्याने मारतात, शेती करणारे कांबा लोक सहसा नाही. 2007 च्या अभ्यासात हत्तींपुढे मसाईंनी वापरलेलं कापड ठेवलं, कांबांनी वापरलेलं ठेवलं आणि न वापरलेलंही ठेवलं. मसाईंच्या वासाने हत्ती सर्वांत जास्त पळाले आणि उंच गवतात पोचेपर्यंत थांबले नाहीत. पुढे 2014 मध्ये आवाज ऐकवून बघितलं. मसाई पुरुषाच्या आवाजाला ते बिचकले, मसाई बायकांच्या आणि मुलांच्या आवाजाला तितके नाही.

म्हणून वयस्क हत्तिणीचं मोल एवढं. म्होरकी जितकी वयस्क तितकं कुटुंब धोका अचूक ओळखतं, हे कॅरन मॅकॉम्ब यांच्या प्रयोगांतून दिसलंय. तीन सिंहांची डरकाळी आणि एका सिंहाची, सिंहाची आणि सिंहिणीची, यांतला फरक म्हातारी हत्तीण जास्त चांगला करते. मोठ्या सुळ्यांसाठी अशा हत्तिणी मारल्या जातात तेव्हा उरलेल्यांची शहाणपणाची शिदोरीच जाते. याचा विचार केला की मला फार त्रास होतो.

दोन_पिल्लांची_आई

सगळ्यांचे आभार, धागा छापून ठेवलाय. आता शेवटचं व्यावहारिक. असं निवांत बघायचं असेल तर बुकिंग करताना काय विचारायचं?

नैरोबीत_स्थायिक

सर्वांत आधी गाडी. शेअर केलेल्या गाडीत सहा जणांच्या सहा इच्छा असतात, कुणी थांबू देत नाही. चार दिवस कमी करा पण गाडी स्वतंत्र घ्या. गाईडची पातळी विचारा. इथल्या व्यावसायिक गाईड संघटनेच्या ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड अशा परीक्षा असतात. सिल्व्हरवाला मिळाला तर वागण्यावर छान बोलतो.

मारात शक्य असेल तर काही रात्री राखीव जंगलाच्या बाहेर, मसाईंनी भाड्याने दिलेल्या जमिनींवरच्या कॉन्झर्व्हन्सीत राहा. नाबोईशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ. तिथे गाड्या मोजक्याच असतात, रात्री फिरता येतं, आणि पैसे थेट जमीनमालक कुटुंबांना जातात. महाग पडतं हे खरं. पायी फेरीला वयाची अट असते, मुलांच्या बाबतीत ती कॅम्पला आधीच विचारून घ्या.

अंबोसेलीला मात्र एकाच मुक्कामात किमान दोन पूर्ण सकाळी ठेवा. पहिल्या सकाळी डोंगर बघण्यातच वेळ जातो, हत्तींचे कान दुसऱ्या दिवशी दिसायला लागतात. आणि यलो फीवरची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, कार्ड पासपोर्टलाच जोडून ठेवा. परतताना मुंबईत ते मागतात.